भोपळ्याचा सॉकाय

माझ्या घरमालकांनी जन्मात मासा खाल्ला नव्हता, आणि मासा कसा करायचा हे ते मला आठवड्यातून निदान दोनदा समजावून सांगत. मी मालवणची. आमच्याकडे मुलीला मासा करायला कुणी मुद्दाम शिकवत नाही, वेणी घालायला येते तसं ते येतं. त्यामुळे सुरुवातीला मला त्यांचा राग यायचा, मग हसू यायला लागलं, आणि शेवटी शेवटी काय यायचं ते अजून मला नीट सांगता येत नाही. गोंधळ म्हणा.

बदली होऊन कोल्हापुरात आले तेव्हा ऑफिसातल्या एका बाईंनी ही जागा सुचवली. वर दोन खोल्या, खाली मालक आणि मालकीण. गल्लीत सगळे त्यांना अण्णा आणि अक्का म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. अण्णा उंच आणि वाळके, कपाळाला विभूती, आणि भुवया इतक्या दाट की ते रागावलेत की विचारात आहेत हे कळायला मार्ग नसे. नाव, गाव, नोकरी हे सगळं विचारायच्या आधी त्यांनी विचारलं, "मासं खातासा काय?"

"खाते. मालवणची आहे," मी म्हटलं.

"मग हितं जमायचं न्हाय. म्हंजे ऱ्हावा तुमी, जागा तुमचीच. पर घरात मासा, मटन, अंडं कायबी आनायचं न्हाय. आमी लिंगायत."

मी मान्य केलं. ऑफिस जवळ होतं आणि नळाला पाणी होतं. किल्ली हातात घेऊन मी जिना चढू लागले, तर अण्णा मागोमाग तीन पायऱ्या चढून आले, स्वयंपाकघराच्या दाराकडे एकदा बघून घेतलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "रावस कसा करतासा तुमी?"

मला वाटलं, परीक्षा घेतायत. मी सांगितलं. मीठ, हळद, कोकमाचं आगळ, तिखट, वर रव्याचा हात फिरवायचा आणि तव्यावर टाकायचा.

"किती येळ ठेवतासा तव्यावर?"

"होईपर्यंत."

"तितंच चुकतंय," असं म्हणून ते खाली निघून गेले. मी जिन्यात उभी. मासा न खाणाऱ्या माणसाने माझ्या रावसात खोट काढली होती, आणि ती काय होती हे विचारायचीही मला सोय नव्हती.

हळूहळू अक्कांकडून कळलं ते असं. अण्णा तरुणपणी साखर कारखान्यात बॉयलरवर होते. तिथल्या एका पंजाबी फिटरच्या ओळखीने ते कॅनडाला गेले, पार पश्चिमेच्या किनाऱ्याला, मासे डबाबंद करण्याच्या कारखान्यात. काम तेच, वाफ सांभाळायची. पुढे तो कारखाना बंद पडला आणि अण्णांना नदीकाठच्या एका लॉजवर काम मिळालं. हौशी लोक तिथे गळ टाकायला येत आणि स्वतः धरलेला मासा जेवायला मागत. एका मोसमात तिथला आचारी न सांगता निघून गेला, तर मालकाने बॉयलर बघणाऱ्या माणसालाच चुलीपुढे उभं केलं. "त्येला वाटलं, ह्यो आग वळखतोय, मासाबी वळखंल," असं अण्णा सांगत. केस पांढरे होईपर्यंत ते तिथेच होते. मधूनमधून यायचे, परत जायचे. अक्का इकडे सासूसासऱ्यांचं करत राहिल्या.

कायमचे परत आले त्या दिवशी अक्कांनी दारातच त्यांना एकच गोष्ट विचारली. कधी खाल्लात का? अण्णा म्हणाले, हात लावला, जिभेला लावला नाही. त्या शब्दावर अक्कांनी त्यांच्यासाठी देवघरासमोर पाट मांडला. हे मला खुद्द अक्कांनी सांगितलं, ज्वारी निवडत, मान ताठ ठेवून. "इतकी वर्सं त्या मासळीत ऱ्हायलं, पर गळ्यातल्या लिंगाला डाग लावून घेतला न्हाय. माजा इश्वास हाय," त्या म्हणाल्या.

अण्णांचा विषय एकच, तिकडचा सॅल्मन मासा. रावसाला काही लोक हिंदुस्थानी सॅल्मन म्हणतात, असं मी एकदा म्हटलं, तर ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जिन्यात बसवून त्यांनी मला पाच जाती सांगितल्या. त्यांच्या भाषेत सॅल्मन दोनच तऱ्हेचा, गावरान आणि पोल्ट्रीतला. समुद्रात जाळ्यांचे पिंजरे करून, वरून खाणं टाकून जो वाढवतात तो पोल्ट्रीतला, आणि त्याला ते मासाच म्हणत नसत. गावरानाच्या जाती पाच.

"किंग म्हंजे पाटील. अंगात चरबी हाय, कसाबी करा, वाळत न्हाय. सॉकाय लालभडक, अंगानं घट. तव्यावर टाकलासा आनि मागं वळून कुनाशी बोललासा की गेला म्हनून समजा. कोहो मवाळ, पावन्यारावळ्यांत चालतोय, कुनाची तक्रार न्हाय. पिंक गरीब बिचारा, अंगात काय न्हाय, त्यो डब्यात जातोय. आनि चम. त्येला तिकडं कुत्र्याचा मासा म्हनत्यात. पर धूर द्यून ठेवा त्येला, मग बगा. आनि गाबोळी, अंडी वो, पाची जनांत त्येचीच भारी."

"आणि करायचा कसा?"

"चामड्याच्या बाजूनं ठेवायचा आनि परतायचा न्हाय. तुमी कोकनातली मानसं लई परततासा. वरनं पांढरा चीक आला की समजा उशीर झाला. मदी अजून जरा कच्चा दिसतोय तवाच उतरायचा, ऱ्हायलेला ताटात शिजतोय."

हे सगळं इतकं ठाशीव होतं की विश्वास बसावा. पण लगेच मनात यायचं, चाखल्याशिवाय या माणसाला कोणता मासा कधी झाला हे कळलं कसं? मी मीठसुद्धा चाखल्याशिवाय घालत नाही.

घरात मासा येणं शक्यच नव्हतं, म्हणून अण्णांनी भाज्यांवर हात चालू ठेवला होता. सुरण म्हणजे किंग. लाल भोपळा म्हणजे सॉकाय. दुधी म्हणजे पिंक. कच्च्या केळ्याला निखाऱ्यावर तूप सोडून धूर देत, तो चम. कोहोला मात्र त्यांना शेवटपर्यंत भाजी मिळाली नाही, रताळं, पडवळ, कोबीचा दांडा सगळं करून झालं. संध्याकाळी ऑफिसातून आले की खालून हाक यायची, "मॅडम, आज सॉकाय हाय," आणि मी भोपळ्याची फोड घेऊन वर जायचे. एकदा न्हाणीघरातल्या बादलीत फळ्या भिजत पडलेल्या दिसल्या. तिकडे देवदारासारख्या लाकडाची ओली फळी विस्तवावर ठेवून त्यावर मासा भाजतात म्हणे, म्हणून अण्णांनी फळवाल्याकडून सफरचंदाची पेटी फोडून आणली होती. त्या फळीवरचा भोपळा मी खाल्ला. सफरचंदाचा वास येत होता, पण वाईट नव्हता. अक्का तर तो रोज खायच्या आणि कधी काही बोलायच्या नाहीत, फक्त एकदा म्हणाल्या, "भोपळा सस्ता हाय, ह्ये बरं हाय."

संध्याकाळी गल्लीच्या टोकाला कट्ट्यावर म्हशी येत. समोर धार काढायची आणि फेसाळ दूध तिथेच उभ्याने प्यायचं, हा कोल्हापूरचा रिवाज मलाही लागला होता. म्हशी बापूंच्या. बापू म्हणजे अण्णांचे लहानपणापासूनचे दोस्त, आवाज गल्लीभर ऐकू जाणारे, गडमुडशिंगीला शेती. त्यांचा रोजचा प्रश्न ठरलेला, "अण्णा, आज कुटला मासा?" अण्णा गंभीरपणे सांगत, आज किंग, आज पिंक. आणि कट्टा हसे. अण्णांना त्याचं वाईट वाटतं की नाही हे भुवयांमुळे कळत नसे. मला मात्र वाटायचं.

मग एका संध्याकाळी बापूंनी दूध मापता मापता तो प्रश्न टाकला. "हे बगा अण्णा, न चाखता कुनाला सैपाक येत न्हाय. मग तिकडं सैपाक केला ह्ये तरी खोटं, न्हायतर खाल्ला न्हाय ह्ये तरी खोटं. दोनातलं कुटलं खोटं, तेवडं सांगा की."

सगळे हसले, मीही हसले असेन. अण्णा हसले नाहीत. तेव्हा मला पहिल्यांदा त्यांची अडचण लक्षात आली. कट्ट्यावर खरं ठरावं तर घरात खोटं ठरायचं, आणि घरात खरं राहावं तर कट्ट्यावर आयुष्यभर भोपळेवाला म्हणून बसायचं. एवढी वर्षं जे काम केलं ते केलंच नाही असं चारचौघांनी ठरवायचं, आणि त्यावर गप्प राहायचं. मला त्यांची दया आली आणि त्यांचा संशयही आला, एकाच वेळी.

"मासा आना," अण्णा म्हणाले. "करून दावतो."

बापूंनी शब्द उचलला. त्यांचा पुतण्या पुण्याला असतो. त्याने कुठल्याशा मोठ्या दुकानातून सॉकाय मिळवला, थर्माकोलच्या खोक्यात बर्फ घालून आणला. पाकिटावर तो अस्सल रानटी असल्याचं छापलेलं होतं. रविवारी सकाळी बापूंच्या रानात पार्टी ठरली, आणि मासा ओळखणारं माणूस म्हणून परीक्षक मी. मी बापूंना परोपरीने सांगितलं की सॅल्मन मी उभ्या जन्मात पाहिलेला नाही. "मासा त्यो मासा, मॅडम. तुमी बसा," ते म्हणाले. पुरुषांच्या पार्टीत मी एकटी कशी जाणार, हा प्रश्न अक्कांनी सोडवला. "मी येतो की तुमच्या सोबतीनं," त्या म्हणाल्या. कोल्हापुरात बायकाही येतो, जातो म्हणतात, याची मला तोवर सवय झाली होती. अक्का खरोखर येतील असं मात्र वाटलं नव्हतं. त्यांनी आपला डबा घेतला, भाकरी आणि झुणका, आणि विहिरीजवळच्या चिंचेखाली वाऱ्याच्या बाजूला बसल्या, म्हणजे वास जाणार नाही. चूल तिथून हाकेच्या अंतरावर होती.

बापूंनी मटणही आणलं होतं. मासा फसला तर उपाशी कोण राहील, हा हिशोब. शिवाय कांदालसूण चटणीचा डबा उघडून ते माशाच्या बाजूला ठेवून उभे होते, आणि अण्णा त्यांचा हात दोनदा बाजूला सारून बसले होते. मग अण्णांनी मोटरच्या पाइपाखाली कोपरापर्यंत हात धुतले, पाकीट फोडलं, केळीच्या पानावर मासा ठेवला, वाकून बघितलं, बोटाने दाबलं आणि सरळ उभे राहिले.

"ह्यो सॉकाय न्हाय."

"पाकिटावर लिवलंय की," बापू म्हणाले.

"लिवू दे. पोल्ट्रीतला हाय ह्यो. ह्या पांडऱ्या रेगा बगा, चरबीच्या. समुद्रात जन्मभर पळालेल्या मास्याला एवडी चरबी कुटनं येईल? आनि रंग बगा, गाजराचा. सॉकाय जास्वंदीसारका लाल असतोय."

मी वाकून बघितलं. रेघा होत्या. पण त्या असाव्यात की नसाव्यात हे मला काय माहीत? सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि मी चुलीकडे बघायला लागले.

"आता सुटाय बगू नगा अण्णा," बापू म्हणाले. या वेळी ते हसत नव्हते. "मासा मागितलासा, मासा आनला. आता म्हनतासा ह्यो न्हवं. उद्या दुसरा आनला तर त्योबी न्हवं म्हनशिला. करता येत न्हाय म्हना, सोडून दिऊ."

अण्णांनी मासा पुन्हा एकदा बोटाने दाबून बघितला. त्यांनी नुसता तवा ठेवून तो मासा सॉकाय म्हणून भाजला असता, तर कुणाला काही कळणार नव्हतं. तेवढ्यात चिंचेखालून अक्कांचा आवाज आला. "अवं, इतकी वर्सं भोपळ्याला सॉकाय म्हनतासा, ह्येला म्हनाय काय हुतंय?"

सगळं रान हसलं. मला वाटलं, आता अण्णा चिडून चालायला लागतील. ते वळले आणि अक्कांना अगदी सावकाश म्हणाले, "भोपळा हाय त्यो भोपळा हाय, ह्ये तुलाबी ठावं हाय आनि मलाबी. त्यात कोन फसत न्हाय. ह्येला सॉकाय म्हनलो की फसवलं."

ते वाक्य मी नंतर पुष्कळदा मनात घोळवलं. एवढा खरेपणा ज्या माणसात आहे तो बायकोशी खोटं कसा बोलेल, असं एकदा वाटतं. मग वाटतं, एका ठिकाणी खोटं बोलून बसलेला माणूसच दुसरीकडे असा हट्टाला पेटत असेल.

"करतो," अण्णा बापूंना म्हणाले. "पर सॉकाय म्हनून न्हाय."

त्यांनी चुलीतली दोन लाकडं मागे ओढली. जाड बुडाचा तवा, थोडं तेल, मासा चामड्यावर. मीठ आणि मिरी, बस्स. उलथन्याने वरून दाबून धरला आणि मग सोडला. त्यानंतर ते त्याच्याकडे बघेनात. मान वाकडी करून, कान तव्याकडे करून, डोळे मिटून बसले, कारखान्यातला माणूस वाफेचा आवाज ऐकत बसतो तसे. बापू काही बोलायला गेले तर हातानेच थांबवलं. मला तर त्या आवाजात काहीच फरक कळला नाही. एकाएकी उठून त्यांनी तवा उतरवला आणि चाखायला बोटही न लावता फोडी करून पानांवर वाढल्या.

लोक भाकरीशी खायला लागले. मग बापूंनी बोटं चाटली आणि मोठ्या आवाजात जाहीर केलं, "मानलं अण्णा. सॉकाय म्हंजे सॉकाय."

"सॉकाय न्हाय म्हनलो की मी."

"ऱ्हाऊ द्या की आता. जितलासा."

सगळ्यांनी अण्णांच्या पाठीवर थापा मारल्या. यापुढे भोपळ्यावरून कुणी बोलायचं नाही, असंही बापूंनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं, आणि मंडळी मटणाकडे वळली. तिथल्या एकानेही सॅल्मन आधी खाल्लेला नव्हता, आणि परीक्षक म्हणून आणलेल्या मला कुणी काही विचारलं नाही. अण्णा रिकामा तवा मातीने घासत बसले. जिंकलेल्या माणसाचा चेहरा असा पडलेला मी कधी पाहिला नव्हता. जो सॉकाय नाही असं ते सांगत होते, तोच सॉकाय मानून लोकांनी त्यांना खरं ठरवलं होतं, म्हणजे त्यांचा शब्द कुणी ऐकलाच नव्हता.

दुपारी परत येताना रिक्षात आम्ही तिघं मागे बसलो, मधे अक्का. उजळाईवाडीचा रस्ता लागल्यावर अण्णा पुढे वाकून, अक्कांना ओलांडून मला म्हणाले, "मॅडम, तुमी मास्याची मानसं. खरं सांगा. कसा हुता?"

चांगला होता म्हणावं तर तो माणूस सकाळपासून तेच ऐकून मरगळला होता. मी जे होतं ते सांगून टाकलं. "अण्णा, भाजला होतात छान. मी एवढा मऊ मासा कधी खाल्ला नाही. पण मासा मला आवडला नाही. तेलकट होता. लोण्यासारखा तोंडात फिरत होता, आणि चव अशी काही नव्हतीच."

अण्णांच्या भुवया वर गेल्या आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. त्यांनी गुडघ्यावर थाप मारली. "व्हय ना? तेलकट ना? ऐकलीस काय गं, मॅडम काय म्हनत्यात? मी बगूनच सांगितलं हुतं." आपल्या हातच्या पदार्थाला नावं ठेवल्यावर इतका खूश झालेला माणूस मला त्याआधी भेटला नव्हता. ते थांबेचनात. "पोल्ट्रीतला असाच, नुसतं लोनी. सॉकायचं तसं न्हाय मॅडम. सॉकाय घट. दाताला कळतोय. पयला समुद्राचा खारटपना येतोय, मग मागनं बारीक गोडी येती, भाजल्या भुईमुगागत, आनि गिळला तरीबी..."

ते थांबले.

रिक्षावाला उसाच्या ट्रॉलीला बाजू मागत हॉर्न वाजवत होता. मी बाहेर बघू लागले, कारण आत कुठे बघावं ते कळत नव्हतं. गुडघ्यावरचा अण्णांचा हात तसाच राहिला होता. अक्का डबा मांडीवर धरून समोर रस्त्याकडे बघत होत्या.

"थांबलासा का?" अक्का म्हणाल्या. "सांगा की."

आवाजात राग होता की नव्हता, ते मला तेव्हा कळलं नाही आणि अजूनही कळलेलं नाही. त्यांना हे नव्याने समजलं होतं, की त्या पाट मांडला त्याच दिवसापासून जाणून होत्या, तेही नाही. अण्णांनी त्यांच्याकडे बघितलं. नंतर ते बोलले ते माझ्याशी नव्हतं.

"गिळला तरीबी जिभंवर ऱ्हातोय."

"किती येळ?" अक्कांनी विचारलं.

"अजून हाय," अण्णा म्हणाले.